वरच्या ओळीचे सर

आमचे सर विद्यार्थ्याच्या कीबोर्डला बोट लावत नसत. मंगरूळपीरच्या बसस्टँडमागे, बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा वेबसाइट बनवायला शिकवणारा क्लास होता. आठ कॉम्प्युटर, त्यातले सहा चालू. कुणाचं काही अडलं आणि "सर, बघा ना" अशी हाक गेली, की ते जागेवरूनच म्हणायचे, "मी कायले पाहू? तुह्यासमोर हाय. मोठ्यानं वाच."

मग अख्ख्या वर्गासमोर पडद्यावरचा तो इंग्रजी एरर, म्हणजे काय चुकलं त्याचा संदेश, अडखळत वाचावा लागायचा. लाज वाटायची, पण तीनदा वाचला की चौथ्यांदा अर्थ लागायचा. एररचा फोटो काढून फोनला विचारणारेही होते. त्याला सरांची ना नव्हती. "फोनले खुशाल इचार. पन पयले तू त वाच! पोट दुखते का गुडघा, हे तुलेच मालूम नसन त डॉक्टर काय करन?"

एरर चोविसाव्या ओळीवर दाखवला, की आम्ही चोविसावी ओळ पाठ होईस्तोवर बघायचो. तिच्यात काही सापडायचं नाही. सर चहा संपवून शांतपणे म्हणायचे, "वरची ओळ पाय." तिथे ओळ संपल्याची खूण, शेवटचा सेमिकोलन, टाकायचा राहिलेला असायचा. कॉम्प्युटर पुढच्या ओळीवर येऊन अडतो आणि तिथलाच नंबर सांगतो. त्यामुळे माघारी आम्ही त्यांना 'वरच्या ओळीचे सर' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि बहुतेक आवडतही होतं.

माझी एक चूक मात्र क्लासभर गाजली. मी शेजारच्या मानोरा गावची; बाबांचं तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान. गिऱ्हाइकाची फाईल पेनड्राइव्हवरून थेट उघडायची, हे हाताला लागलेलं वळण. पीएचपीची फाईल सर्व्हर नावाच्या प्रोग्रामनं आधी चालवावी लागते; मी तीही तशीच थेट उघडायचे, सर्व्हरला मध्ये न घेता. पानावर वेबसाइटऐवजी माझाच कोड दिसायचा, आणि आठवडाभर मी तो तपासत बसले. सर म्हणाले, "पोरी, कोड बरोबर हाय. तूच अजून दुकानातून बाहीर निंगाली नाई." वर्ग हसला. मीही हसले आणि परतीच्या एसटीत रडले.

पुढे नागपूरच्या दोन कंपन्यांनी मला चाचणीतूनच घरी पाठवलं. बाबा म्हणाले, "आता आखरी एक डाव जाय. नाई जमलं त दुकान हायेच." ते प्रेमानंच म्हणाले होते, पण त्या झेरॉक्स मशीनपाशी जन्म काढायचा, या विचारानं मला धडकी भरली.

तिसऱ्या चाचणीत एक बिघडलेलं पान दुरुस्त करायला दिलं. उघडलं, तर नुसतं पांढरं. एरर नाही, ओळीचा नंबर नाही. आजूबाजूची पोरं भराभर टाइप करत होती आणि मी नुसती पडद्याकडे बघत होते, कारण वाचायलाच काही नव्हतं. मग सर आठवले. अशा पानाबद्दल ते म्हणायचे, "थे मुकं नाई. कोनंतरी त्याचं तोंड बांधलं हाय. सोड." मी सर्व्हरच्या सेटिंगची फाईल उघडली, चुका दाखवायची सोय बंद होती ती चालू केली, सर्व्हर पुन्हा सुरू केला. पानावर एरर आला. एरर बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. ओळ एकेचाळीस! सवयीनं मी तो मोठ्यानं वाचला. सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले, तोवर मी चाळिसाव्या ओळीवर पोचले होते.

नोकरी लागली. पेढे घेऊन क्लासवर गेले, तर अभिनंदन राहिलं बाजूला, सरांनी विचारलं, "एरर काय आला होता?" मी तोंडपाठ म्हणून दाखवला. आधी पांढरं पान आलं होतं, हे सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी हातातला पेढा परत डब्यात ठेवला.

"मलेबी पांढरंच आलं होतं," ते म्हणाले. "पुन्याले, नोकरीच्या चाचनीत. एक घंटा त्याच्यासमोर बसलो. कोनाले इचाराची लाज वाटली. बॅग उचलली अन् सीधा गावाकडं आलो. मंग आठ दिवसानं समजलं, फक्त तोंड सोडाचं होतं त्याचं."

त्या माणसावर माझा फार जीव होता, आणि तो किती होता हे मला त्या क्षणी कळलं.

"तू काय केलं, थे पुन्ना सांग," ते म्हणाले. मी हळू आवाजात सुरुवात केली, तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"मोठ्यानं सांग. साऱ्याईले आयकू दे."

मी मोठ्यानं सांगितलं. सहाही कॉम्प्युटरवरची पोरं माझ्याकडे बघत होती. सर खिडकीकडे तोंड करून ऐकत होते.