मांडीवरचा ट्रम्पेट

सॅमसनमास्तर कुणाला भ्यालाय, असं आमच्या जामखेड रोडच्या गावांत कुणी पाहिलेलं नव्हतं. बँडमास्तर माणूस. परण्यात, म्हणजे नवरदेवाला मारुतीला नेणाऱ्या मिरवणुकीत, झिंगलेली पोरं नाचत नाचत अंगावर आली, तर ट्रम्पेट तोंडातून न काढता कोपरानं बाजूला सारायचा. नवरदेवाचं घोडं उधळलं तरी ह्याचा सूर जागचा हलायचा नाही. त्याच्या बँडात कायदा एकच. नवरदेव मारुतीच्या पायऱ्या चढेस्तोवर वाद्य खाली घ्यायचं नाही. ज्यानं घेतलं त्याचं काहीतरी बिघडलं असं समजायचं, आणि शेजारच्यानं तिथल्या तिथं चाल उचलायची. वऱ्हाडाला कळता कामा नये.

एका मार्गशीर्षात ते जामखेडच्या लग्नाला उघड्या टेम्पोतून गेले. पहाटेचं गार वारं सगळ्या वाटेनं तोंडावर. परण्या निघाला, मारुती अजून लांब होता, आणि मास्तरच्या ओठाच्या डाव्या कडेनं हवा फुस्सकन निसटली. परत फुंकलं, परत फुस्स. गालाला हात लावला तर गाल दुसऱ्या कुणाचा तरी लागला. मास्तरनं ट्रम्पेट खाली घेतला तो कायमचा. आमच्याकडं ह्याला तोंडावरनं वारं जाणं म्हणतात; गार वारं लागून अर्धं तोंड लुळं पडतं. शेक झाले, मालिश झाली, चर्चमध्ये प्रार्थना झाल्या. तोंड बरंचसं जागेवर आलं. पण ट्रम्पेट फुंकायला ओठाला जो दम लागतो, तो आला नाही.

तो ट्रम्पेट मग आराधनानं उचलला. ती त्याची एकुलती पोर. आधी चर्चमध्ये वाजवायची, मग पुण्याला एका सरांकडं शिकली, आणि पुढं सिंफनी ऑर्केस्ट्रात लागली. ही बातमी चहाच्या टपरीवर आली तेव्हा टपरीवाला छगन म्हणला, "आर्केस्ट्रा म्हंजी नाचकाम बी असंल की मास्तर?"

"न्हाई. बसून वाजवत्यात."

"बसून? मंग वरात पुढं कशी सरकायची?"

तर ह्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम गेल्या हिवाळ्यात नगरला लागला. मास्तर आणि त्याची बायको लिडिया एसटीनं गेली. हॉल मोठा, खुर्च्या मऊ, आणि आत एसी असा सोडलेला की लिडियानं पदर कानावरून घेतला. मास्तरचं लक्ष स्टेजवर गेलं. मागच्या रांगेत ट्रम्पेटवाले बसले होते, दोघंच. एक टकले वयस्कर गृहस्थ, आणि शेजारी काळ्या कपड्यात आराधना. तिच्या डोक्यावरच एसीचं तोंड होतं. मागचा पडदा वाऱ्यानं हलत होता.

"लिडे, पोरीच्या तोंडावर गार वारं येतंय."

"मंग काय कानटोपी घालून वाजवावं व्हय तिनं? बसा गप."

एक बाई माइकवर आल्या. म्हणाल्या, आजचं संगीत दोन घरचं आहे. एक घर मोठ्या वाद्यवृंदाचं, कागदावर लिहिलेलं. दुसरं जॅझचं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे बँड रस्त्यानं वाजवत जायचे, मिरवणुकीला, मयतीला, तिथल्या मातीतलं. लिडियानं मास्तरला कोपर मारलं. "आयकलं का? आपलेच पावने हायेत."

मास्तर हसला नाही. तो पडदा किती हलतोय ते बघत होता.

सगळ्यांपुढं उभ्या राहिलेल्या काडीवाल्यानं काडी उचलली. क्लॅरोनेट खालून वर असं घसरत गेलं की मांजर भिंतीवर चढावं. एक जण उभ्या दांडग्या व्हायोलिनीला बोटांनी टिचक्या मारत होता. ढोलावर काठ्याच नव्हत्या, तारांचा खराटा फिरत होता. आणि मग आराधनानं ट्रम्पेट उचलला. चार-सहा सूर काढले, असे ठणठणीत की पुढच्या रांगेतलं एक पोरगं दचकलं. मास्तरचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात तिनं ट्रम्पेट खाली घेतला. मांडीवर आडवा ठेवला.

मास्तर वाट बघू लागला. वाजवणं चालूच होतं, सगळे वाजवत होते, ही नाही. तो भाग संपला, दुसरा लागला. हा संथ होता, रिकाम्या रस्त्यानं एकट्यानं चालावं तसा. ट्रम्पेट मांडीवरच. आराधनानं हाताच्या उलट्या बाजूनं ओठ पुसले. मग बोटानं तोंडाची कड चाचपली. डावी कड.

मास्तरचा हात आपल्याच ओठाच्या डाव्या कडेवर गेला.

"लिडे. पोरीचं तोंड गेलं."

"काय बी बोलू नका."

"आगं चाचपती ती. मी बी असंच चाचपलं हुतं."

आता लिडियाही पुढं वाकली. इतक्या लांबून तोंड काही नीट दिसेना. एवढंच दिसत होतं की पोरीचे ओठ बारीक बारीक हलतायत. थरथरतायत म्हणा. आणि शेजारचा तो टकला. कायद्यानं त्यानं आतापर्यंत चाल उचलायला हवी होती. त्याचं वाद्य मांडीवर, डोळे मिटलेले. झोपलाय की काय मेला!

एकेक वाद्य गप होत चाललं. व्हायोलिनी थांबल्या. खराटा तेवढा खरखरत राहिला. मास्तरला वाटलं, संपलं. पोरगी बसली आणि तिच्यामागं बँड बसला. तो उठला.

"आहो!" लिडियानं सदरा धरला. तो हिसडा देऊन सुटला. लोकांच्या गुडघ्यांना घासत, पायांवर पाय देत भिंतीच्या कडेला आला आणि स्टेजच्या दिशेनं चालू लागला. गळ्यात बिल्ला अडकवलेली एक मुलगी आडवी आली.

"काका, मध्येच उठायचं नसतं. प्लीज बसा."

"माझी पोर हाय ती. तिच्या तोंडावरनं वारं गेलंय."

"काय गेलं?"

तिला समजावत बसायला त्याला वेळ नव्हता. तिला वळसा घालून तो पायरीपाशी पोचला. आता आराधना समोर होती, ओसरीवरून अंगणातलं दिसावं इतकी जवळ. आणि तिनं त्याला पाहिलं.

तिचे हलणारे ओठ थांबले.

तेव्हा मास्तरला कळलं. ते ओठ थरथरत नव्हते, मोजत होते. एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, पहिला आकडा कितवी फेरी त्याचा. लहानपणी त्याच्याच ओट्यावर बसून ती अशीच मोजायची. गप बसायचं हेसुद्धा तिच्या कागदावर लिहिलेलं होतं, आणि किती वेळ बसायचं ते ती मोजत होती. ती मोजणी आता त्यानं मोडली होती.

आधीची भीती काहीच नव्हती अशी भीती त्याला आता बसली. पुढं जावं तर पोरीचा घोटाळा, मागं फिरावं तर लोक वळून बघणार. पोरीच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला. तिनं डोळे टकल्याकडं वळवले. टकल्यानं डोळे उघडले नाहीत. नुसतं मांडीवरचं एक बोट उचललं, टेकवलं. परत उचललं, टेकवलं. आराधनानं श्वास घेतला. वाटीसारखं काहीतरी उचलून ट्रम्पेटच्या तोंडात कोंबलं. ट्रम्पेटचं तोंड कुणी बुजवतं होय? मास्तरनं भिंतीला हात टेकला.

आणि ती वाजवू लागली. एकटीच. तोंड बांधल्यासारखा तो आवाज सगळ्या हॉलभर गेला म्हणतात. लिडिया सांगते, पुढच्या खुर्चीतला माणूस चष्मा पुसत होता. मास्तर मात्र ओठाच्या डाव्या कडेकडं बघत होता. तिथून हवा निसटती का, एवढंच.

संपल्यावर आराधना बाहेर आली ती तणतणतच. "पप्पा, तुम्ही उठलातच का? माझी मोजणी चुकली! शेजारच्या नॅथनसरांनी बोट दाखवलं नसतं तर मी मेले होते."

"आधी तोंड उजेडाकडं कर."

"पप्पा—"

"गाल फुगव. दोन्ही. आता डोळे गच्च मीट. दात दाव."

"आहो, बास करा," लिडिया म्हणाली, "पोरगी हाय, बाजारातली म्हैस न्हाई."

आराधनानं दात दाखवले. दोन्ही बाजू सारख्या होत्या. मास्तर तिथंच पायरीवर बसला.

"कसं वाजलं ते तरी सांगा," ती म्हणाली.

मास्तर खोटं बोलणारा माणूस नाही. "आयकलं न्हाई. तुझ्या व्हटाकडं बघत हुतो."

ती त्याच्याशेजारी पायरीवर बसली. मग म्हणाली, "उद्या पुण्याला हेच आहे. तुम्ही येऊ नका, पप्पा. तुम्ही समोर असलात की तुमची भीती मला चढते."

"बरं," मास्तर म्हणला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीपासून तो अंगणात बाजेवर बसून राहिला. ताट आलं तसं परत गेलं. फोन वाजला तो लिडियानं उचलला. "वाजलं म्हनती," ती म्हणाली, "लई चांगलं वाजलं."

मास्तरनं फोनला हात लावला नाही. "तोंड?" त्यानं विचारलं.

लिडियानं फोनमध्ये विचारलं, ऐकलं. "जाग्यावर हाय."

"मंग वाढ," मास्तर म्हणला.