दोघींपैकी एकीचं दार

छावणीजवळच्या ज्या घरात मी आजही राहते, तिथं खालच्या दोन खोल्या माझ्या आणि वरच्या तिच्या. आमचे नवरे एकाच पलटणीत, सीमेवर. माझं सासर पैठणजवळच्या खेड्यात, तिचं बिडकीनला. मुलींची शाळा नीट व्हावी म्हणून दोघी शहरात आलो होतो. ती मला ताई म्हणायची. नळ यायचा त्या दिवशी तिचं पाणी मी भरायचे, माझ्या लेकीची वेणी ती घालायची.

लढाई सुरू झाली आणि दोघांचेही फोन लागेनासे झाले. टीव्हीवर सारखे स्फोट दाखवत होते. एका सकाळी ती खाली आली, टीव्हीची वायर ओढून काढली अन् म्हणाली, "ताई, हे बघून आपणच आधी मरू. त्यांचा फोन आला तर खरं, बाकी सगळं खोटं." त्या दिवसापासून आमचा स्वयंपाक एकत्रच होऊ लागला.

हात रिकामे राहू नयेत म्हणून आम्ही कुरडया घालायला काढल्या. गच्चीवर ती सोऱ्या दाबत होती, मी चीक भरत होते, तेव्हा खाली जीप थांबली. गणवेशातले दोघं उतरले. टोप्या सारख्या केल्या आणि फाटकापाशी उभे राहिले. आम्ही जागच्या हललो नाही. कुणासाठी आलेत ते ठाऊक नव्हतं. दोघींपैकी एकीसाठी, एवढंच कळत होतं.

जिना उतरताना तिनं माझा हात धरला. दोघींचे हात चिकानं बरबटलेले. त्यांच्यातल्या वयस्कर सुभेदारांनी विचारलं, ते आमच्या यांचं नाव घेऊन. त्या क्षणी तिचा हात सैल पडला. अगदी पळभर. मग तिनं तो इतका आवळला की माझी बोटं दुखली. पण ते सैल पडणं मला कळलं होतं, आणि मला कळल्याचं तिलाही. मला राग नाही आला. तिच्या माणसाचं नाव निघालं असतं तर माझाही हात तसाच सुटला असता.

पुढचं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. सासरच्या गावात मावत नव्हती इतकी माणसं, घोषणा, फुलं. पेटी उघडायला परवानगी नव्हती. "एकदा तोंड तरी दाखवा," मी म्हणत राहिले. सुभेदार मान खाली घालून उभे. तिनं मला पोटाशी धरलं. "नको ताई. सुट्टीवरून जाताना बघितलं ना, तेच राहू द्या." चुलत सासूबाई बांगड्या फोडायला पुढं आल्या, तेव्हा तिनं माझी दोन्ही मनगटं स्वतःच्या हातांत झाकून घेतली. "राहू द्या काकू. ताई काढतील त्यांच्या त्या, काढायच्या तेव्हा."

लढाई थांबली. तिच्या नवऱ्याचा फोन आला तेव्हा ती गच्चीवर गेली आणि दार लावून घेतलं. तरी तिचं हसणं अन् रडणं मला खाली ऐकू आलं. उतरली तेव्हा चेहरा कोरडा होता. त्यानंतर तिनं गजरा माळला नाही, नवी साडी नेसली नाही. मग "माहेरी जाऊन येते" म्हणून लेकीला घेऊन गेली. आठवडाभरानं परतल्यावर तिच्या लेकीनं माझ्या लेकीला सांगून टाकलं, पप्पा आले होते, बिडकीनलाच आहेत.

मी वर गेले. ती भाकरी थापत होती.

"भाऊजी आलेत?"

ती थांबली. "व्हय ताई."

"मग इथं का नाय आणलं?"

"कसं आणू? जिन्यात त्यांच्या बुटांचा आवाज झाला, तर तुमचं काय होईल?"

मी खालीच बसले. दोघी रडलो. तव्यावरची भाकरी करपली. शेवटी मी म्हणाले, "माझ्यापायी तू अशी राहू नकोस बाई. बोलाव त्यांना. मला विचारायचंय."

दुसऱ्या दिवशी ते आले. माझ्या खोलीत भिंतीला टेकून बसले, नजर वर करीनात. मी विचारलं, "लई दुखलं का हो त्यांना?"

"नाही वहिनी. त्याला कळलंसुद्धा नाही."

खोटं असेल. मी मान हलवली. मग त्यांनीच सांगितलं, की त्या सकाळी दोघं आंब्यांबद्दल बोलत होते. पोरीला मांडीवर घेऊन रस खायचाय, असं हे म्हणत होते. माझी लेक दारात उभी राहून ऐकत होती. मी पान वाढलं. एक घास खाल्ला आणि ते हुंदके देऊ लागले. मग माझ्या लेकीनंच त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

सुट्टी संपून ते परत सीमेवर गेले. त्यांना स्टेशनवर सोडून ती थेट माझ्याकडं आली. "ताई, मला भ्या वाटतंय," म्हणाली, आणि आपण कुणाला बोलतोय हे ध्यानात येऊन तिनं तोंडावर हात ठेवला. मी तिला जवळ बसवलं.

मला आता भ्यायला काही उरलेलं नाही. तिला आहे. म्हणून तिचा फोन वाजला की आधी मी उचलते, पलीकडचा आवाज ऐकते, आणि मग तिच्या हातात देते.