बांधलेल्या पायाचे तास

आमच्या ह्यांना सगळे 'पायवाले' म्हणतात. कृत्रिम पाय बनवतात. हाताला गुण आहे, स्वभावाचं मात्र विचारू नका. माणूस मोडेल पण वाकणार नाही, आणि धंदा काय, तर लोकांचे गुडघे नीट वाकवून द्यायचा!

वर घर, खाली कारखाना. कारखाना म्हणजे दोन खोल्या. एकीत प्लास्टरचे साचे, कानशी आणि सगळीकडे पांढरी भुकटी. दुसरीत पेशंटला चालवून बघायच्या दोन समांतर दांड्या आणि भिंतभर आरसा. दाराशी टेबल, टेबलावर फोन आणि फोनपाशी मी. लोक येतात, रडतात, चिडतात, घासाघीस करतात, ते सगळं माझ्या वाट्याला. हे आपले आत कानस घासत बसतात.

ह्यांचा एक नियम आहे. नवीन माणूस कामाला आला की पहिला आठवडा त्याने हत्याराला हात लावायचा नाही. त्याचा एक गुडघा वाकवायचा, पोटरी मागे मांडीला पट्ट्यांनी बांधायची, गुडघ्याखाली साचा, साच्याखाली नळी, नळीला पाऊल. आणि त्या पायावर दिवसभर वावरायचं. केर काढायचा, चहा आणायचा, जिना चढायचा. का, तर ज्याचं जळतं त्याला कळतं. मला तरी कुठे सोडलं? लग्न होऊन आले, म्हटलं फोन मी घेत जाईन. तर म्हणाले, "आधी पाय." बाकीच्या बायका लग्नानंतर नवऱ्याचा हात धरून फिरायला जातात, मी दांड्या धरून फिरले. माहेरी सांगायचीसुद्धा चोरी!

यंदा कॉलेजने आमच्याकडे एक मुलगी पाठवली, इंटर्नशिपसाठी. त्यांच्यात म्हणे बाहेर जाऊन ठरलेले तास काम केल्याशिवाय क्रेडिट नाही, आणि क्रेडिट पुरे झाल्याशिवाय पदवी नाही. हिचं शेवटचं वर्ष. एका मोठ्या इस्पितळात हिची नोकरी पक्की झाली होती, पण निकाल हातात घेऊनच या, असं त्यांनी बजावलं होतं.

पोरगी गुणी. पहिल्याच दिवशी आपणहून पाय पुढे केला. आठवडाभर लंगडली, दोनदा पडली, त्यात एकदा माझ्या टेबलावर, चहासकट. रोज कामाचा एक फोटो कॉलेजच्या ॲपवर चढवायचा असतो, तोही इमानदारीने चढवला.

तिथेच माशी शिंकली. सत्र संपत आलं आणि कॉलेजच्या समन्वयक सरांचा फोन आला. "पहिल्या आठवड्यात विद्यार्थिनीच्या पायाला दुखापत झालेली दिसते. आजारपणाचे तास धरता येत नाहीत."

"अहो, दुखापत कसली? पाय आम्हीच बांधला होता."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज. मग, "तुम्ही बांधला?"

घ्या! यापेक्षा दुखापत परवडली. मी सगळं पहिल्यापासून समजावलं. सर म्हणाले, "पण हे काम कुठल्या रकान्यात बसतं?"

"गुडघा साच्यात बसतो, सर. रकान्यात कसा बसेल?"

"असं प्रशिक्षण पूर्वी कुणी पूर्ण केलंय का?" आता काय सांगू? आधीचे शिकाऊ आठवडा पुरा व्हायच्या आत पळाले होते. म्हटलं, "मी केलंय."

"आपण कोण?"

"त्यांची बायको."

"नातेवाइकांचं म्हणणं ग्राह्य धरता येत नाही."

मी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं ह्या माणसाबरोबर काढली, त्याचंही क्रेडिट नाही म्हणजे! पण सर मनाने वाईट नव्हते. आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, एक करा. त्या आठवड्यासमोर 'कार्यालयीन कामकाज' असं लिहा आणि त्यांची सही घ्या. मी पुढचं बघतो. सोमवारपर्यंत आलं नाही तर निकाल राखून ठेवावा लागेल. मग पुढच्या सत्रात तास भरायचे."

मला हायसं वाटलं. लिहिलं आणि कागद ह्यांच्यापुढे ठेवला. हे म्हणाले, "खोटं आहे."

"दोनच शब्द आहेत हो!"

"दोन्ही खोटे आहेत."

"पोरीची नोकरी जाईल, कळतंय का?" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की वरच्या खिडकीतलं कबूतर उडालं. हे गेले आत, कानस घासायला. पालथ्या घड्यावर पाणी.

त्याच दुपारी एक निवृत्त बस ड्रायव्हर आले, नवा पाय घालून बघायला. दांड्यांमधून दोनदा चालले, झकास म्हणाले. हेही खूश. मुलगी मात्र खाली बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिने विचारलं, "काका, खुर्चीवरून उठलं की पहिलं पाऊल टाकायच्या आधी थांबता का? आतल्या कडेला चावतं म्हणून?"

ड्रायव्हरांनी दोन्ही दांड्या धरल्या. मग म्हणाले, "घरी मी उठायचंच टाळतो गं. सुनेला वाटतं, आळशी झालो." आणि एवढा मोठा माणूस डोळे पुसायला लागला. ह्यांनी पाय काढून घेतला आणि आतली कड घासून दिली.

ते गेल्यावर हे माझ्या टेबलापाशी आले. "कुठंय तो कागद?" सही केली. मग कितीतरी वेळ नळाखाली हात धूत होते. जेवायला या म्हटलं, तर भूक नाही. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. कसलं काय! आपणच ह्या माणसाला वाकवलं, असं वाटून मीही माझं ताट झाकून ठेवलं.

सकाळी मुलीच्या हातात कागद दिला. तिने वाचला. ह्यांची सही बघितली, आत बसलेल्या ह्यांच्या पाठीकडे बघितलं आणि कागदाची घडी करून मला परत दिला.

"मावशी, मी त्या आठवड्यात ऑफिसात नव्हते."

"अगं, अर्धं जग कागदावरच ऑफिसात असतं! दे पाठवून!"

"मग ड्रायव्हरकाकांना ते मी कुठे शिकून विचारलं?"

"नोकरी जाईल गं बाई."

"हो," ती म्हणाली, आणि रडू लागली. पण कागद घेतला नाही. आत कानस थांबली होती.

कॉलेजने निकाल राखून ठेवला. इस्पितळाने दुसरं कुणी घेतलं. मी दोघांशीही चार दिवस बोलले नाही. एक कमी होता म्हणून देवाने दुसरी पाठवली! पुढच्या सत्रात ती तास भरायला पुन्हा आमच्याकडेच हजर. ह्यांनी तिच्यासाठी नवी कानस आणून ठेवली होती, मला न विचारता.

कॉलेजनेही आणखी एक मुलगी पाठवून दिली, नवीकोरी, हातात फोन. हे आत कामात होते. आमच्या गेल्या सत्रातल्या मुलीनेच पट्टे काढले आणि तिच्यासमोर बसली.

नवीने पट्ट्यांकडे बघून विचारलं, "ताई, याचं क्रेडिट मिळतं?"

"नाही," ती म्हणाली. "गुडघा वाकव."