नंदीच्या खांद्याला लावलेला पेचकस

मी मुळात संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. देवळाबाहेर चपला काढतानासुद्धा मी एक या कोपऱ्यात आणि दुसरी त्या कोपऱ्यात काढतो, म्हणजे चोराला जोड मिळू नये. प्रसादाचा नारळ हलवून बघतो. अशा माणसाला देवाने अनुभव द्यावा, आणि तोही संशयाच्याच वाटेने, याची मला अजून गंमत वाटते.

तुमसरच्या एका राईस मिलमध्ये मी पंचवीस वर्षांपासून मिस्त्री आहे. धान आत पडून तांदूळ बाहेर येईपर्यंत जेवढी यंत्रे फिरतात, त्या सगळ्यांची तब्येत माझ्या कानावर चालते. आमची पद्धत साधी आहे. लांब दांड्याच्या पेचकसाचे, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचे, टोक बेअरिंगच्या डब्यावर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. बेअरिंग ठणठणीत असेल तर आत संथ घरघर चालू असते, बिघडू लागले की तिच्यात एक बारीक शिटी मिसळते. पाहुणे आले की आमचे मालक शेठजी मला मुद्दाम बोलावून हा खेळ करायला लावायचे. मी डोळे मिटून मान डोलवायचो. डोळे मिटायची काही गरज नसते, पण बघणाऱ्याला बरे वाटते.

गेल्या हंगामात, दिवाळी होऊन धानाची आवक जोरात असताना, मला एका बेअरिंगमध्ये शिटी ऐकू आली. मिल थांबवली, बेअरिंग बदलले, सुरू केली. शिटी तशीच. मग शेजारचे बेअरिंग बदलले, मग त्याच्या पलीकडचे. बाहेर धानाचे ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत उभे आणि आत मी मांडी घालून पाना फिरवत बसलेला. तिसऱ्या वेळी शेठजी स्वतः आले, काढलेले बेअरिंग बोटावर फिरवून पाहिले.

"मिस्त्री, हे तं लोण्यासारखं फिरून राहिलं. काहून बदललं?"

"शेठजी, तुमच्या बोटाले नाही समजत, माझ्या कानाले समजते."

"ठीक हाये. पण आता एक बार अजून मिल फुकट बंद झाली, तं मी गोंदियाहून दुसरा मिस्त्री बोलावतो. मंग नाराज नोका होऊ."

पंचवीस वर्षांत असे कोणी बोलले नव्हते. माझा पहिला संशय बेअरिंगवाल्या दुकानदारावर गेला, की हा नकली माल देतो आहे. दुसरा गेला तो खुद्द शेठजींवर. गोंदियाचा माणूस त्यांनी आधीच ठरवून ठेवला असणार. पुढे ती शिटी माझ्या मागे घरीही आली, तेव्हा मी फ्रीजवर संशय घेतला आणि तो बंद केला, तर दूध नासले. मोबाईलच्या टॉवरवर घेतला, पण टॉवर काही मला बंद करता येईना. पंखा आणि टीव्ही बंद करून मी ऐकत बसलो, तसा आवाज अधिकच मोठा झाला. बायको दारात उभी राहून सगळे पाहत होती. "फ्रीज झाला, पंखा झाला, टीव्ही झाला," ती म्हणाली. "आता मले बंद करून पाहा."

शेजारच्या भजनी मंडळातल्या भाऊंना कळले तेव्हा त्यांनी हात जोडले. हा अनाहत नाद आहे, म्हणाले, साधकाला वर्षानुवर्षे तप करून मिळत नाही तो तुम्हाला घरबसल्या मिळाला. खोटे कशाला सांगू, आठ दिवस मी त्या कौतुकावर मस्त जगलो. भजनात मला पुढे बसवू लागले, चहा आधी मला मिळू लागला. पण मनात मी त्या नादाकडेही तिरक्या नजरेनेच पाहत होतो. ब्रह्मनाद असेल तर त्याने जीव शांत व्हायला पाहिजे. माझी तर झोप गेली होती, आणि जेवताना बायको काय बोलते ते कळेनासे झाले होते.

सोमवारी मिलला सुट्टी असते. त्या सोमवारी सकाळी मी गावच्या तलावाच्या पारीवरच्या महादेवाच्या देवळात गेलो. पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध. देवळात कोणी नव्हते. घरचा नाद काहीही असो, मिलमधली शिटी बेअरिंगचीच, असे मी अजून धरून होतो. आपल्याकडे महादेवाला सांगायचे ते नंदीच्या कानात सांगतात, तसे मी वाकून, एक हात तोंडाशी धरून सांगितले, "मिलमधली शिटी बंद कर. नाहीतर माझी मिस्त्रीगिरी जाते." सांगून झाले आणि सवयीप्रमाणे शंका आली. निरोप पोचला कशावरून? पेचकस माझ्या खिशात असतोच. इकडेतिकडे पाहिले, टोक नंदीच्या खांद्यावर हलकेच टेकवले, मूठ कानामागे लावली आणि डोळे मिटले.

शिटी आली. अगदी तिसऱ्या बेअरिंगसारखी.

दगडाच्या नंदीत बेअरिंग नसते एवढे मला कळते. मी पेचकस देवळाच्या भिंतीला लावला, मग उंबऱ्याला, शेवटी स्वतःच्याच गुडघ्याला. सगळीकडे तीच शिटी, त्याच सुरात. मी पायरीवर बसलो. बिघाड मिलमध्ये नव्हता. ज्या कानाच्या जोरावर मी पंचवीस वर्षे मान डोलवली, बिघाड त्या कानात होता, आणि तीन चांगली बेअरिंगे मी बदलून टाकली होती.

"नंदीले तपासाले आले का?" मागून कोणी तरी विचारले. "लोक त्याच्या कानात सांगतेत, तुमी तं त्यालेच आयकून राहिले."

खांद्यावर ओले जाळे घेतलेला, माझ्याहून वयाने थोडा मोठा माणूस होता. आमच्या तलावावर मासे धरणारे बहुतेक सगळे माझ्या तोंडओळखीचे आहेत, हा नव्हता. माझा संशय लगेच जागा झाला, पण लाज इतकी वाटली होती की मी खरे ते सांगून बसलो.

त्याने मान हलवली. "माझ्या कानात रातकिडा हाये. जवानीत मोठा ताप आला, तवापासून. पयले मी बी सारा तलाव धुंडाळला त्याच्यासाठी."

"मंग कसा गेला?"

"गेला कुठं? हाये ना. आता बी बोलून राहिला. मी त्याच्याकडं ध्यान देत नाही, तो माझ्याकडं देत नाही. तुमी आधी कानाच्या डॉक्टरले दाखवा. अन् चूपचाप खोलीत त्याले आयकत नोका बसू. जेवढं आयकान, तेवढा तो चढते."

आता हा काही तरी विकणार, मी मनात म्हटले. तेल काढेल, नाहीतर अंगठी. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "तो पेचकस द्या जरा."

पिंडीवर पाणी ठिबकवणारी तांब्याची गळती एका तिवईवर टांगलेली असते. तिवईचा एक स्क्रू ढिला झाला होता, त्यामुळे धार पिंडीवर न पडता बाजूच्या फरशीवर सांडत होती. इतका वेळ मी तिथे होतो, यंत्रांचा मिस्त्री म्हणवतो, आणि मला ते दिसले नव्हते. त्याने स्क्रू आवळला, गळती भरली आणि थेंब बरोबर पिंडीवर पडू लागले. टप, टप, टप. "आता बसा," तो म्हणाला. "आयकू नोका, नुसते बसा."

मी बसलो. थेंब पडत होते, बाहेर तलावाचे पाणी पारीच्या दगडांना लागत होते, पिंपळाची पाने सळसळत होती. शिटी होतीच, पण इतक्या आवाजांमध्ये ती गर्दीतल्या एका माणसासारखी झाली. दोन महिन्यांत प्रथमच माझे खांदे खाली आले. किती वेळ गेला ठाऊक नाही. डोळे उघडले तर माणूस नव्हता. पेचकसही नव्हता.

मी पारीवर धावलो. दोन्ही बाजूंना दूरपर्यंत कोणी नाही. आणि मला, मोठ्या दुःखात, थोडे समाधानही वाटले, की शेवटी माझा संशय खरा ठरला. चपला मात्र दोन्ही कोपऱ्यांत जागच्या जागी होत्या.

मिलसमोरच्या दुकानात दुसरा पेचकस मिळाला असता. मंगळवारी मी त्या दुकानाच्या पायरीपर्यंत गेलो आणि परत फिरलो. हातात पेचकस आला असता तर मी पुन्हा शिटी शोधत बसलो असतो. रिकाम्या हाताने शेठजींसमोर उभा राहिलो. "तिन्ही बेअरिंगं चांगली होती, शेठजी. शिटी माझ्या कानात हाये."

शेठजींनी समोरची वही मिटली. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "मी तं समजून राहिलो होतो का तुमचं न् त्या दुकानदाराचं साटंलोटं हाये. दोनदा चौकशी केली मी."

"मले वाटलं तुमी गोंदियाचा मिस्त्री पयलेच ठरवला."

"ठरवलाच होता," शेठजी म्हणाले, आणि आम्ही दोघेही हसलो. मग त्यांनी विचारले, मिल कशी पाहणार? मी तळहात पुढे केला. बेअरिंग बिघडताना तापते आणि थरथरते, ते हाताला कळते. माझ्या वडिलांच्या वयाचे मिस्त्री तसेच पाहायचे. मीच कानाच्या नादात विसरलो होतो. गोंदियाचा माणूस आला नाही.

भंडाऱ्याच्या कानाच्या डॉक्टर बाईंनी मला काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावले आणि आवाज आला की बटन दाबा म्हणाल्या. मी दाबत सुटलो. "काका, मी अजून आवाज सोडलाच नाही," त्या म्हणाल्या. मिलच्या गोंगाटाने कानाचे वरचे सूर गेले आहेत आणि त्या रिकाम्या जागी मेंदू स्वतःच शिटी वाजवतो, असे त्यांनी समजावले. ती पुसून टाकणारे औषध नाही. पण मिलमध्ये कानाला झाकण लावा, निजताना बारीक आवाज चालू ठेवा, चिंता कमी करा, मेंदू तिच्याकडे लक्ष देणे हळूहळू सोडेल. रातकिडावाल्याने पायरीवर सांगितले होते तेच, फक्त इथे नंबर लावावा लागला.

आता घरात पंखा चालू असतो, फ्रीज चालू असतो आणि बायकोचे बोलणे मी तोंडाकडे बघून ऐकतो, जे मी आधीच करायला हवे होते असे तिचे मत आहे. शिटी आहे. काही दिवस ती चढते, काही दिवस मला आठवतही नाही.

तो माणूस कोण होता, हे मी कोणालाही विचारलेले नाही. महादेव असेल, किंवा जाळ्यात गुंडाळून माझा पेचकस नेणारा साधा विसराळू माणूस असेल. मी शिटी काढून घे म्हणून मागणे मागितले होते. ती त्याने ठेवली, आणि जी घेऊन मी जगभर बिघाड शोधत फिरलो ती वस्तू तेवढी घेतली. दर सोमवारी जातो, गळती भरतो, तिवईचा स्क्रू बोटाने चाचपून पाहतो. अजून घट्ट आहे. मग नंदीच्या कानाशी वाकतो आणि एवढेच सांगतो, पेचकस परत नको. आणि निरोप पोचला का, ते न तपासता उठतो.