हळदीआधीचं ऑपरेशन

“झोपेत घोरतोस का?” मी विचारलं.

“नाय, मॅडम,” योगेश म्हणाला.

कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले त्याचे मामा फस्सकन हसले. “नाय कसा? मळ्यात झोपला तर वस्तीवरची कुत्री उठत्यात. आन मधीच एकदम गप होतो. मंग बुडणारा माणूस वर आल्यासारखा श्वास घेतो. आम्हीच घाबरतो.”

योगेशने असं पाहिलं की मामा मुकाट्याने मोबाईल चाळायला लागले. पण मला हवं ते कळलं होतं. आडदांड शरीर, आखूड जाड मान आणि झोपेत थांबणारा श्वास. माझी सकाळ तिथेच बिघडली.

मी भूलतज्ज्ञ आहे. नाशिकमधल्या हॉस्पिटलांत आणि क्लिनिकांत फिरून भूल देते. गंगापूर रोडवरचं हे क्लिनिक कॉस्मेटिक सर्जन मिहीरचं. मिहीरचा हात उत्तम, घाई वाईट. योगेश चांदवडजवळच्या गावातला, कांद्याचा व्यापार करणारा. त्याची छाती बायकांसारखी वाढली होती. याला गायनेकोमॅस्टिया म्हणतात. पुष्कळ पुरुषांना असतं आणि त्यात घाबरण्यासारखं सहसा काही नसतं. पण लग्न दीड महिन्यावर आलेलं. हळदीला नवरदेव उघडा बसतो. आत्या, मावश्या, करवल्या हळद लावणार आणि हल्ली प्रत्येकीच्या हातात मोबाईल.

“झोपेत होऊन जाईल, तुला काही कळणार नाही,” असं मिहीरने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. हे वचन सर्जन लोक माझ्या वतीने परस्पर देऊन टाकतात. माझं डोकं फिरतं ते तिथे.

मी मिहीरला बाहेर बोलावलं. “याला इथे गाढ झोपवणार नाही.”

“मॅडम, झोपेचं थोडं प्रोपोफॉल द्या की. छोटं काम आहे. ऑक्सिजन लावलेला असतोच.”

“घरी नुसत्या झोपेत त्याचा घसा बंद होतो. औषधाने काय होईल? हॉस्पिटलला घे, मी श्वासनलिकेत नळी घालून पूर्ण भूल देते. नाहीतर इथे लोकलवर, नुसती छाती बधिर करून, त्याला जागं ठेवून.”

“जागा राहायला तो तयार नाही. हॉस्पिटलला तर मुळीच नाही.”

“मग आज होणार नाही.”

मिहीर वैतागला. त्याला वाटलं, मी उगाच बाऊ करतेय. पण गुंगी म्हणजे पंख्याचं बटण नव्हे, की हवं तेवढं फिरवलं. हलक्या गुंगीत पेशंट हाकेला ओ देतो. त्याच्या खाली गेला की घसा सैल पडतो, जीभ मागे जाते आणि योगेशसारख्याची वाट बंद होते. हॉस्पिटलमध्ये अशा वेळी माणसं धावून येतात. इथे मी, मिहीर, एक सिस्टर आणि स्ट्रेचर आडवं मावत नाही अशी लिफ्ट.

योगेशला मी हे सगळं सांगितलं. तो खाली बघत म्हणाला, “झोपवाच मला, मॅडम. आठवीपासून कुणासमोर शर्ट काढला नाय. विहिरीत पोहायचो ते पण बनियन घालून. तुम्ही सगळे बघणार आन मी जागा?”

“मग हॉस्पिटल?”

“तिथं गावाकडचं कुणी ना कुणी भेटतंच. बोभाटा होईल.”

त्याचे डोळे भरले होते. मला त्याची दया आली, पण दया आली म्हणून औषध वाढवता येत नाही.

“असं करू,” मी म्हटलं. “गळ्यापाशी हिरवा पडदा लावते. शर्ट पडदा लागल्यावर काढायचा. पडद्याच्या अलीकडे आपण दोघं. पलीकडचं मिहीर बघेल. तुला काही दिसणार नाही आणि मी तुझ्या तोंडाकडेच बघत बसणार आहे.”

“दुखंल?”

“सुई टोचेल तेव्हा दुखेल. नंतर ओढल्यासारखं वाटेल. दुखलं की सांगायचं.”

त्याने मामांकडे पाहिलं. मामा या वेळी हसले नाहीत. “कर, पोरा. मॅडम सांगत्यात तसं.”

मी गाडीच्या डिकीतून माझा कॅप्नोग्राफ आणला. नाकापाशी बारीक नळी लावायची. पेशंटने श्वास सोडला की स्क्रीनवर एक उंचवटा उमटतो. श्वास नाही, तर उंचवटा नाही. टेबलाची डोक्याकडची बाजू उचलली. भीती कमी व्हावी म्हणून मिडॅझोलाम हे गुंगीचं औषध अगदी थोडं दिलं. मिहीरने सलाईनमध्ये बधिर करणारं औषध मिसळून ते सुईने छातीच्या कातडीखाली भरलं. योगेशचे डोळे मिटले.

आणि स्क्रीनवरची रेघ सपाट झाली.

बोटाला लावलेला ऑक्सिमीटर मात्र खुशाल नव्व्याण्णव टक्के ऑक्सिजन दाखवत होता. ऑक्सिजन लावलेला असला की रक्तातला साठा काही वेळ पुरतो. साठा संपत आल्यावर ऑक्सिमीटर बोंब मारतो, तोवर उशीर झालेला असतो. “योगेश!” ओ नाही. मी दोन्ही हातांनी त्याचा जबडा पुढे उचलला. तो एकदा मोठ्याने घोरला, मग श्वास आला. उंचवटा परत उमटला आणि त्याने डोळे उघडले.

मिहीर हातातली सुई तशीच धरून उभा होता. “एवढ्याशा औषधाने?”

“एवढ्याशा.”

प्रोपोफॉलचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

त्यानंतर मी गुंगीचं औषध दिलंच नाही. योगेशला बोलतं ठेवलं. बोलणाऱ्या माणसाचा श्वास चालू असतो, त्यासाठी यंत्र लागत नाही.

“नवरीला हे सांगितलंयस का?”

“सांगितलं. ती म्हणली, कशाला कापाकापी? बंडी घालून बसा हळदीला.”

“मग आलास कशाला?”

“ती तसं म्हणली म्हणूनच आलो, मॅडम. एवढी चांगली पोरगी. तिला माझ्यावरून कुणी हसायला नको.”

मला गलबलून आलं. मास्क होता, ते बरं.

“ओढतंय, मॅडम,” तो मध्येच कळवळला. मी काही म्हणायच्या आत मिहीर थांबला आणि त्याने स्वतःहून बधिर करणारं औषध आणखी भरलं.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. योगेशला मी नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ बसवून ठेवलं, मग मामांना सांगितलं, “झोपेची गोळी अजिबात द्यायची नाही. उशा लावून, पाठ उंच ठेवून झोपवा. आणि लग्नाआधी झोपेची तपासणी करून घ्या.”

“आता ते कशाला?” योगेश कुरकुरला. “छातीचं झालं ना.”

“छातीने तू मेला नसतास. घशाने मरशील,” मी म्हटलं. जरा जास्तच कडक बोलले, पण मामांचा चेहरा बदलला आणि तेच मला हवं होतं.

हात धुताना मिहीर म्हणाला, “आज तुम्ही भूल जवळजवळ दिलीच नाही, मॅडम.”

“किती द्यायची नाही, हे शिकण्यात माझी निम्मी प्रॅक्टिस गेली.”

हळदीच्या दिवशी मामांचा फोन आला. मागे वाजंत्री चाललेली. “मॅडम, उघडा बसलाय पाटावर! फोटो पाठवू का?”

“पाठवा. झोपेची तपासणी केली का?”

“केली की. नाकाला लावायचं मशीन दिलंय. रोज लावतो. मी शेजारी झोपून बघतो ना, आता मधी थांबत नाय.”

फोटो मी संध्याकाळी पाहिला. मला हवी ती बातमी त्याआधीच मिळाली होती.