दुष्टासाठी कोण रडलं

मी कोकणात रेडीच्या शाळेत मास्तर होतो, तेव्हा शेजारच्या घरात एक काकी एकटीच राहायची. तिच्याकडे कुणाचं येणंजाणं नव्हतं. बोलायची सवय मोडल्यासारखी ती प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायची.

माझा भाऊ मुंबईहून मुखवटा घातलेल्या एका वीराच्या चित्रकथा पाठवायचा. संध्याकाळी घरापुढच्या खळ्यात बसून मी त्या गोष्टी काकीला सांगायचो. वीराकडे ती ढुंकूनही बघत नसे. दुष्टाच्या चित्रावर बोट ठेवून विचारायची, "ह्येका जेवाण कोण वाढता? वाढता कोण?"

"ता पुस्तकात नाय, काकी."

"मगे तो वायटच वागतलो. वागतलोच."

एकदा शेवटच्या पानावर तो दुष्ट कड्यावरून समुद्रात पडला.

"मेलो? मेलोच?"

"मेलो."

"तेच्यासाठी कोण रडला?"

चित्रात लोक वीराला खांद्यावर घेऊन नाचत होते.

"कोणच नाय," मी म्हणालो.

काकीनं पदर डोळ्यांना लावला आणि ती रडायलाच लागली. मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. तिचं रडणं थांबेपर्यंत मी तिथंच बसून राहिलो.