गंगेकडच्या खिडकीचा भाव

नोकरीत माझ्या हाताखालून बरीच प्रकरणं गेली. खून गेले, दरोडे गेले, पुष्कळसं आता डोक्यातून पुसलं गेलं. हे एक पुसलं जात नाही. नाव कोणाचंच घेणार नाही. माणसं आपापल्या घरी सुखात आहेत, त्यांना कशाला त्रास.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. गंगापूर रोडच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. शिक्षण सातवी. शिपाई म्हणून भरती झालो आणि खांद्यावरचे दोन स्टार स्वतःच्या कष्टाने मिळवले, कोणाच्या चिठ्ठीने नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझ्या भाषेत चूक निघाली तर कोणी हसू नये.

गोदावरीला आम्ही नाशिकचे लोक गंगाच म्हणतो. माझ्या लहानपणी गंगेच्या अगदी काठाला राहायला कोणी राजी नसे. पावसाळ्यात पाणी दारात, एरवी डास आणि साप. मळेवाले तेवढे काठ धरून असत, कारण पाणी जवळ. मग हवा फिरली. मुंबईची माणसं रविवारी गाड्या घेऊन यायला लागली, काठावर उभी राहून नुसतं पाणी बघायला लागली. बघता बघता मळ्यांच्या जागी बोर्ड लागले. बोर्डावर निळी नदी, हिरवी झाडं आणि गॅलरीत चहा पिणारं जोडपं.

अशाच एका मोठ्या योजनेच्या आणि नदीच्या मधे फुलांच्या मळ्याची एक पट्टी उरली होती. पट्टी एका म्हातारीच्या नावावर. सासऱ्याने मरण्याआधी सातबारा तिच्या नावावर करून दिला होता. नवरा मागेच गेलेला. घरात ती, एकुलता एक मुलगा आणि सून. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. पहाटे फुलबाजारात पाटी न्यायची आणि उन्हं चढायच्या आत परत यायचं, असा तिचा नेम.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात सकाळची हजेरी चालू असताना तिचा मुलगा ठाण्यात आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, आई कालपासून घरी नाही. नदीच्या कडेला तिची फुलांची पाटी आणि चपला सापडल्या आहेत.

मिसिंग दाखल केली, स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि पंचनाम्याला गेलो. चपला झिजलेल्या, एकीचा अंगठा दोऱ्याने शिवलेला. पाटीत थोडी शेवंती. मागे मळ्यात झेंडू असा फुललेला की डोळे दिपावेत. मला खरी धास्ती तो झेंडू बघून बसली. फुलवाल्यांची वर्षाची कमाई दसऱ्याला होते. आजारी माणूससुद्धा त्या आठवड्यात अंथरुणातून उठून तोडणीला येतो. झेंडू उभा टाकून कोणती मळेवाली स्वतःच्या पायाने कुठे जाईल? माझ्याबरोबरचा हवालदार हळूच म्हणाला, “साहेब, म्हातारी गेली.” मलाही तसंच वाटलं.

पट्टीचे पोहणारे बोलावले. त्यांनी दिवसभर डोह पालथा घातला. काही मिळालं नाही. शोध पुढे रोज चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. नाव सांगायला तयार नाही. बोलण्यावरून शेजारचा मळेवाला असावा. त्याने एवढंच सांगितलं, की बिल्डरच्या मॅनेजरने म्हातारीला बांधावर उभं राहून दम दिला होता. काय बोलला तेही सांगितलं. “आजी, गंगेला पूर येतो. सांभाळून राहा.”

मी मॅनेजरला उचलला नाही, आधी त्याच्या ऑफिसात गेलो. माणूस आपल्या खुर्चीत बसला की जास्त बोलतो, हा माझा अनुभव. तिथे टेबलावर सगळ्या योजनेचं लहान मॉडेल काचेत ठेवलेलं. तीन उंच इमारती, पोहायचा तलाव, आणि पुढे हिरवं गवत आणि नदीत उतरणाऱ्या पायऱ्या. ते गवत आणि त्या पायऱ्या म्हातारीच्या झेंडूवर होत्या.

मी विचारलं, ही जागा तुमची आहे का? तो म्हणाला, होणार आहे. मुलाने इसार घेतला आहे, आईने दसऱ्याच्या आत रजिस्टर ऑफिसात येऊन अंगठा द्यायचा ठरलं आहे. दसऱ्याला सँपल फ्लॅट उघडायचा, मुंबईची गिऱ्हाइकं यायची.

मग मी त्याला भाव विचारले, जसा काही मला फ्लॅटच घ्यायचा आहे. तो खुलला. रस्त्याकडचा फ्लॅट आणि गंगेकडचा फ्लॅट, खोल्या तेवढ्याच, फरशी तीच, नळ तेच. तरी गंगेकडचा दीडपट. वरच्या मजल्यावर आणखी जास्त. आणि खालून थेट पाण्यापर्यंत जाता येणार असेल तर बोलायचीच सोय नाही. मी म्हटलं, वीट तीच असताना एवढा भाव कसला? तो हसून म्हणाला, “साहेब, भिंती कोणीही विकतो. आम्ही खिडकी विकतो.”

खिडकीतून काय दिसतं, असं विचारल्यावर मात्र त्याचं हसू गेलं. कारण खिडकीतून आधी म्हातारीचं पत्र्याचं खोपट, शेणखताचा ढीग आणि वाळत घातलेली लुगडी दिसत होती, आणि मग गंगा.

त्याला ठाण्यात आणून बसवला. दोन दिवस विचारपूस चालली. हात लावला नाही. दम दिल्याचं कबूल केलं, घाबरवायला म्हणालो म्हणाला. त्या दिवशी तो कुठे होता ते तपासलं, तर तो मुंबईला गिऱ्हाइकांकडे. साक्षीदार पक्के. तरी वर्तमानपत्रवाले दारात, मळेवाले दारात, आणि वरून फोन की बिल्डरला नाहक त्रास देऊ नका. आमचे मोठे साहेब मला म्हणाले, एक तर प्रेत आणा, नाही तर माणूस आणा. मी म्हटलं, आणतो. कोणत्या जोरावर म्हटलं ते मलाच माहीत नव्हतं.

मुलाला विचारायला घेतला तेव्हा तो रडायलाच लागला. मी रडणारी माणसं पुष्कळ बघितली आहेत. हा खोटा रडत नव्हता. त्याने आईला सांगितलं होतं, अंगठा दिला नाहीस तर फवारणीचं औषध पिईन. “रागात बोललो साहेब. ती खरंच जीव देईल असं वाटलं नाय.”

मी त्याला पाणी दिलं आणि सहज विचारलं, घरी कोण कोण आलं आहे. तो एकेक सांगायला लागला. लासलगावहून बहीण आणि तिच्या सासरची माणसं, कांद्याचा लिलाव टाकून ट्रॅक्टरने आलेली. एकलहऱ्याचा भाचा, तिथल्या वीज केंद्रातली पाळी सोडून आलेला. मावश्या, चुलत्या, भाऊबंद.

मी म्हटलं, “आणि बायकोच्या माहेरचे?”

तो थांबला. “ते नाय आले.”

“त्यांना कळवलं नाही का?”

“पहिल्याच दिवशी फोन केला. सासरे बरं म्हणाले.”

सुनेचं माहेर सिन्नर तालुक्यात. तिथून नाशिकला दिवसभर जीप आणि एसट्या चालू. आपल्याकडे मुलीच्या सासरी नुसतं कोणी आजारी पडलं तरी बाप हातातलं काम टाकून येतो, नाही आला तर मुलीला आयुष्यभर ऐकून घ्यावं लागतं. इथे मुलीची सासू नदीत बुडाली म्हणतात, आणि बाप फोनवर नुसतं बरं म्हणतो? ज्याला माहीत आहे की काही वाईट झालेलंच नाही, तोच असा घरी बसेल.

सुनेला बोलावलं. सासू-सुनेचं पटत नाही, असं सगळा मळा सांगत होता. म्हणून तिच्यावरही संशय होताच. ती आली, मान खाली. तिच्या पायांकडे माझं लक्ष गेलं. अनवाणी. पंचनाम्याच्या दिवशीही ती अनवाणीच होती, तेव्हा मी ते दुःखावर घातलं होतं. विचारलं, चपला कुठे गेल्या? तुटल्या म्हणाली. मी आणखी एकही प्रश्न विचारला नाही. ‘जा घरी’ म्हटलं. ती उठली, आणि दारात एकदा वळून माझ्याकडे बघून गेली. त्या बघण्यात भीती होती, पण दुःख नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यात, एका महिला शिपायाला बरोबर घेऊन, सिन्नरकडच्या जीपमध्ये बसलो. सरकारी गाडी नेली असती तर गावाच्या वेशीवरच बातमी पुढे गेली असती.

व्याह्याचं घर सापडायला वेळ लागला नाही. ओट्यावर घोंगडी अंथरलेली, घोंगडीवर उशी, आणि त्या उशीला टेकून आमची बुडालेली म्हातारी बसली होती. समोर ताटात पुरणपोळी. जवळच दारात नव्या लेडीज चपलांचा जोड, सुनेचाच असणार.

खरं सांगतो, मी तिथेच ओट्याच्या पायरीवर बसलो. आठवडाभर पोहणाऱ्यांच्या गळाला काय लागतं ते बघत होतो, आणि ही इथे तूप वाढू नका म्हणत होती.

मला बघताच तिने ओळखलं. पळाली नाही, रडली नाही. म्हणाली, “पोलीस का? बसा. दसरा झाल्यावर यायचं ना.”

मी चिडलो. म्हटलं, “आजी, तुमच्यापायी माणसं डोहात उतरली. गंगेच्या काठाला चपला सोडून कशाला आलात?”

“मग काय तसल्या चपला घालून विहिणीच्या दारात येऊ?” ती म्हणाली. “पाटी काठावर टेकवली, सुनेच्या घातल्या. माझ्या पाटीजवळच राहिल्या. त्यावरून तुम्ही मला बुडवाल हे मला काय ठावं.”

सगळं उलगडलं. बेत सुनेचा. मुलगा औषध पिईन म्हणतो, नाही म्हटलं तर तो जातो आणि हो म्हटलं तर जमीन जाते. दोन्ही टाळायचं तर दसऱ्याची मुदत जाईपर्यंत अंगठाच सापडता कामा नये. एका दसऱ्याचा झेंडू गेला तरी मळा राहील. लेकीकडे गेली असती तर मुलगा तासाभरात पोचला असता. पण सासू सुनेच्या माहेरी मुक्कामाला जाईल हे कोणाच्या स्वप्नात यायचं? विहीणबाईने यायचं, मानाचं जेवायचं, ओटी भरून घ्यायची आणि उन्हं कलायच्या आत निघायचं. राहणं म्हणजे लाज. आम्ही सगळे नातेवाईक धुंडाळले आणि ते एकच घर सोडलं.

“आणि सुनेशी तुमची भांडणं?” मी विचारलं.

“ती आहेतच की,” म्हातारी म्हणाली. “भांडायला पण घर लागतं ना.”

आतून विहीण आली. थकलेली बाई. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, “साहेब, न्या यांना. रोज पुरण घालतेय. विहीणबाईला भाकरी कशी वाढू? घरातली डाळ संपली.” तिकडून म्हातारी म्हणाली, पहिल्या दिवसापासून भाकरी मागतेय, ऐकतंय कोण.

ड्यूटीवर कोणाच्या घरी जेवायचं नाही हा माझा कायम नियम. त्या दिवशी मी दोन पोळ्या खाल्ल्या. मग गावातल्या एस.टी.डी. बूथवरून साहेबांना फोन लावला. म्हटलं, माणूस आणतोय.

ठाण्यात मुलाने आईला बघितलं आणि तिच्या पायावर पडला. ती त्याला उठवेना. म्हणाली, आधी औषध पिणार नाही असं सगळ्यांसमोर बोल. तो बोलला. मग तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. सुनेला मी मात्र चांगली झाडली. माणसं डोहात उतरत होती तेव्हा तोंड का उघडलं नाहीस? ती रडत म्हणाली, रोज सांगणार होते, रोज भीती वाटली. आमच्या साहेबांनी मॅनेजरला बोलावून समज दिली, की या बाईच्या बांधावर पुन्हा कोणी दिसलं तर गाठ आमच्याशी आहे. मुलाने इसार परत केला.

जबाब मी स्वतः लिहिला. मी माझ्या मर्जीने गेले होते, मला कोणी पळवलं नाही, कोणावर तक्रार नाही. शाईचा पॅड पुढे केला. म्हातारीने हात पदराखाली घेतला.

“वाचा.”

मी वाचलं.

“परत वाचा. हळू.”

परत वाचलं.

“यात मळ्याचं काही नाय ना?”

“नाही आजी. यात एवढंच आहे की तुम्ही जिवंत आहात.”

तेव्हा तिने पदराखालून हात काढला आणि अंगठा असा दाबून उठवला की कागद पलीकडून फुगला.

इमारती झाल्या. फ्लॅट विकले गेले, चांगल्या भावाने विकले गेले. लोकांना म्हातारीच्या झेंडूचं काही वाटलं नाही, उलट गॅलरीतून फोटो काढायचे असं ऐकलं. ती पुढे बरीच वर्षं जगली आणि आपल्या मळ्यातच, आपल्या खोपटात गेली.

मला लोक विचारतात, नोकरीत काय शिकलात. पुस्तकातलं फार नाही शिकलो. पण त्यानंतर बेपत्ता माणसाच्या घरी गेलो की रडायला कोण आलंय ते मी शेवटी बघायचो. आधी विचारायचो, यायला हवं होतं आणि आलं नाही असं कोण आहे? नव्या पोरांना हेच शिकवलं. काही हसले. हसू देत. त्या प्रश्नावर मी आणखी काही माणसं घरी आणली, आणि प्रेतापेक्षा माणूस आणून दिलेला कधीही बरा.